पाया संपला

१ जानेवारी २०२६, गुरुवार. दुपारी साडेतीन

नवी डायरी. कंपनीतून निरोप देताना शालीबरोबर दिली होती. रोज लिहायचं, थोडक्यात, मुद्द्याचं. मिरजोळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, रजिस्टर कधी कोरं ठेवलं नाही. जमेल.

काल तुळसा स्टुलावरून पडली. डावा घोटा. सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही.

कारण लिहून ठेवतो, पुढे गैरसमज नकोत. डिसेंबरात मी स्वयंपाकघराची शास्त्रीय मांडणी केली. रोज लागणारं खाली, क्वचित लागणारं वर. त्यात कोकमांची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर गेली. कोकम आपल्या घरात रोज लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे चूक मांडणीची नाही, माहिती न पुरवण्याची आहे.

 प्लास्टर घालताना तुळसा फक्त विचारत होती, गॅस बंद केलात ना.

नव्हता केला. शेजारच्या आसियाने केला. तिच्याकडे आमची किल्ली असते.

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी दहा

गोदूबाईचा फोन. तुळसाची थोरली बहीण, मंडणगडला असते. म्हणाली, भावोजी, गोळ्याबिळ्या राहू देत, तिला पायाचं सूप पाजा. तिचा नवरा फणसावरून पडला होता तेव्हा तिने चाळीस दिवस बकऱ्याच्या पायांचं सूप पाजलं आणि एकेचाळिसाव्या दिवशी तो शेतात.

तुळसालाही पटलं. म्हणाली, आसियाला सांगते, ती आणील. मी म्हटलं, प्रश्नच नाही. धडधाकट निवृत्त माणूस घरात असताना शेजारच्या मुलीने आमचं मटण आणायचं?

तुळसा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं. दर खेपेला तुम्हीच जा. सावकाश जा.

विश्वास टाकला की माणूस आपोआप उभा राहतो. आमच्याकडे मटणाचे वार तीन: रविवार, बुधवार, शुक्रवार. सहा आठवड्यांचा तक्ता केला, फ्रीजवर लावला.

४ जानेवारी, रविवार. दुपारी चार

निघायचं ठरलं होतं साडेसातला. निघालो नऊ चाळीसला. पिशवी सापडत नव्हती. (मांडणीप्रमाणे ती पिशव्यांच्या खणात हवी. तुळसाने जुन्या सवयीने दाराच्या खिळ्याला अडकवलेली.)

नाक्यावर मजीदभाईंचं दुकान आता नवं झालंय. पांढऱ्या लाद्या, काचेचं काउंटर, आत गार. पण शिस्त शून्य. पंचवीस माणसं काउंटरला चिकटलेली, कोणाचा नंबर कितवा देव जाणे. माझ्या डोक्यावरून बायका ओरडत होत्या, मजीदभाई, अर्धा मांडीचा, मजीदभाई, पाव कलेजी. मी पन्नास मिनिटं उभा. मी मुळात काउंटरच्या आतला माणूस. माझ्याकडे चिठ्ठी दाखवल्याशिवाय कोणाला साधा नट मिळाला नाही, मग मॅनेजर असो की आणखी कोणी. ओरडून वस्तू मागायची मला सवयच नाही.

शेवटी मजीदभाईंनीच विचारलं, साहेब, तुम्हाला काय. पाया म्हटलं. पाया संपला, म्हणाले. बुकिंगचा होता.

मग जे पुढे आलं ते अर्धा किलो घेतलं. घरी तुळसाने पिशवीत बघितलं आणि म्हणाली, सगळी मानच दिलीय. मी सांगितलं की मानेत सत्त्व असतं. तसं कुठेतरी वाचलंय.

सूप मी केलं. तुळसाने दोन चमचे घेतलं. पोट भरलंय म्हणाली. तिची भूक कमी झालीये, लक्ष ठेवायला हवं.

सकाळी परत आलो तेव्हा घरात पायाच्या सुपाचा सुरेख वास येत होता. आसियाकडे शिजत असावं. भिंती पातळ आहेत आपल्या.

७ जानेवारी, बुधवार. सकाळी साडेदहा

पाया संपला.

आज मी स्पष्ट विचारलं की बुकिंग कोणाचं. मजीदभाई सुरा पुसत म्हणाले, आहेत एक वहिनी, महिनाभराचे सगळे त्यांनाच. नाव सांगेनात. धंद्यात गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं म्हणे.

मी तिचं नाव बुकिंगवाली ठेवलंय. माझा अंदाज: बंगला, दोन गाड्या, आणि पाया बहुतेक कुत्र्याला. इथे एक बाई पाय मोडून पडलीय, आणि हिचं कुत्रं सूप पितंय.

आसिया पण दुकानात होती. आली, एक गुंडाळलेलं पुडकं उचललं, गेली. दोन मिनिटांचं काम. मला बघून ओढणी सारखी करत घाईने निघून गेली. चांगली मुलगी आहे, लाजाळू. नवरा बोटीवर असतो, घरात दोघी सासू-सून. त्यांना किती लागणार.

११ जानेवारी, रविवार. सकाळी अकरा

सात वीसला पोचलो. दुकान आठला उघडतं. हे पाटीवर लिहिलेलं नाही, ते लिहायला हवं असं त्यांना सांगणार आहे. समोर चहाला गेलो. तिथे कंपनीतला जुना फोरमन भेटला. त्याला आताचं स्टोअर्स कसं चाललंय विचारलं. बरं चाललंय म्हणाला. मी खोदून विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. मला चिंता वाटते.

परत आलो तर गर्दी. पाया संपला.

गर्दन पाऊण किलो.

१३ जानेवारी, मंगळवार. सायंकाळी पाच

आज वार नाही, म्हणून घरात लक्ष घातलं. गोळ्यांचं वेळापत्रक केलं. वेळ चुकू नये म्हणून पितळी घंटा आणली, दर गोळीला वाजवतो. पलंग खिडकीकडे सरकवला. ऊन आलं म्हणून परत भिंतीकडे. मग पंख्याचा वारा थेट यायला लागला म्हणून तिरका.

तुळसाने विचारलं, आज मटण नाही का आणायचं. मी म्हटलं, मंगळवार आहे. मग म्हणाली, भाट्याला जाऊन या ना, समुद्रावर हवा छान असते. तासभर बसा.

स्वतः पडून आहे आणि माझ्या हवेची काळजी. मी म्हटलं, तुला एकटीला टाकून मी कुठेही जाणार नाही.

तिने डोळे मिटले. औषधांनी गुंगी येत असावी.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मटण नाही. दिवसभर घरीच. तुळसा दुपारी तोंडावर टॉवेल घेऊन पडली होती.

१६ जानेवारी, शुक्रवार. सकाळी पावणेअकरा

पाया संपला.

रस्त्यात येताना डोक्यात दिवा पेटला. दुखणं पायाचं नाही, पद्धतीचं आहे. टोकनं हवीत.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी दोन

जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला एक ते साठ आकडे काढले, भोकं पाडली, सुतळीत ओवली. मजीदभाईंना नेऊन दिली. गर्दी ओसरेपर्यंत थांबलो, कारण असला विषय निवांत बोलायला हवा. बारा वाजले. माणूस सभ्य आहे. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, टोकनं हातात घेऊन पाहिली. एका पत्रिकेवर गणपती होता, ती त्यांनी अलगद बाजूला काढून मला परत दिली, म्हणाले, साहेब, ही इथे नको, मटणाचा हात लागेल.

मला हे सुचलं नव्हतं.

बुधवारी सुरू करू म्हणाले.

घरी आलो तेव्हा तुळसा उठून बसली होती, केस विंचरत होती, रेडिओ लावलेला. चेहऱ्यावर तकाकी. मानेचं सूप लागू पडतंय.

२१ जानेवारी, बुधवार. सकाळी साडेअकरा

ऐतिहासिक दिवस. आठ वाजता दारात उभं राहून टोकनं वाटली. सुरुवातीला लोक कुरकुरले, एका आजींनी विचारलं की रेशन सुरू झालं का. पण पंधरा मिनिटांत रांग लागली. सत्तेचाळीस माणसं, एकही ओरडा नाही. कितीतरी महिन्यांनी मला कोणी विचारत होतं, साहेब, माझा नंबर केव्हा. मी सांगत होतो, येईल, येईल.

घाम पुसत घरी आलो. तुळसाने विचारलं, पिशवी कुठाय.

मटण घ्यायचं राहिलं.

दुपारी अंडी.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी बारा

टोकन पद्धतीत किरकोळ त्रुटी.

एक: आकडे इंग्रजीत काढले. 6 आणि 9 उलटसुलट होतात. त्यावरून दोन पुरुषांत शब्दाला शब्द वाढला.

दोन: बारा नंबर कोणीतरी बुधवारी घरी नेला. आज तो परत आणला आणि माझा बुधवारपासूनचा नंबर आहे म्हणून सगळ्यांच्या पुढे गेला.

तीन: व्यवस्थापकाने शेवटचं टोकन घ्यावं या तत्त्वाने मी चव्वेचाळीस घेतलं. पाया सोडाच, मानही संपली. खिमा मिळाला.

आसियाला टोकन लागत नाही. ती मागच्या दाराने पुडकं घेऊन जाते. मी हटकणार होतो, पण शेजारधर्म.

मजीदभाई म्हणाले, साहेब, पद्धत छान आहे, थोडे दिवस तिला आराम देऊ.

३० जानेवारी, शुक्रवार. दुपारी एक

एक्स-रे. हाड फार छान धरतंय असं डॉक्टर म्हणाले. वयाच्या मानाने लवकर. आहार काय देताय, त्यांनी विचारलं. तुळसा माझ्याकडे न बघता म्हणाली, हे सगळं बघतात.

मी डॉक्टरांना मानेबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. तरुण आहेत.

येताना रिक्षात तुळसा खिडकीबाहेर बघून हसत होती. एक महिना झाला तिला असं हसताना पाहून. खरं तर जास्तच. कोकमाचं मला अधूनमधून आठवतं. तो धप्प आवाज. मी तेव्हा हॉलमध्ये चिठ्ठ्यांवर 'जिरे' लिहीत होतो, आणि आवाज ऐकूनही आधी चिठ्ठी पूर्ण केली.

हे कशाला लिहिलं. असो.

बारा दिवस उरलेत. एकदा तरी खरा पाया घरात आला पाहिजे. माझ्या हाताने. आता बुकिंगवालीशी समोरासमोर.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सव्वा नऊ

गेला आठवडा नीट लिहिता आला नाही. बुधवार, शुक्रवार दोन्ही वेळा संपला. आजचं मात्र सगळं लिहितो.

साडेसहालाच दुकानाबाहेर. चहाला गेलो नाही. फोरमन दिसला, त्याला ओळख दिली नाही. आठला शटर वर गेलं आणि मी पहिला आत. काउंटरवर, काचेच्या अलीकडे, माझ्या हाताशी, चार पाये. भाजून स्वच्छ केलेले, कागदात अर्धवट गुंडाळलेले.

मी पुडक्यावर हात ठेवला. म्हटलं, मी पहिला आहे, हे माझे. मजीदभाई म्हणाले, विकलेत, साहेब. मी म्हटलं, ज्या बाईने विकत घेतलेत तिला इथे उभं करा, मला तिला विचारायचंय की एका घरात माणूस पाय मोडून पडलेलं असताना महिनाभर सगळे पाये आपण एकटीने न्यावेत हे कसं वाटतं. माझा आवाज चढला होता. या काउंटरवर तो पहिल्यांदाच निघाला. मागे दहाबारा माणसं जमली होती.

तेवढ्यात आसिया आली. दारातच थांबली. माझा हात पुडक्यावर, आणि तिची पिशवी उघडलेली.

मजीदभाईंनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, सांगा आता, मामू. मला रोज खोटं वागणं नाय जमत.

मजीदभाईंनी सुरा खाली ठेवला. हळू बोलले, फक्त मला ऐकू येईल असं.

"साहेब, हे तुमच्याच घरी जातं. पहिल्या रविवारपासून. तुळसावहिनींचा फोन असतो."

मी पुडक्यावरचा हात काढला. कुठे ठेवावा कळेना, खिशात घातला.

आसिया म्हणाली, चला काका, बरोबरच जाऊया. पुडकं तिनेच घेतलं.  फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाली की काकींवर रागवू नका, तुम्ही बाहेर पडलात की त्या मला हाक मारायच्या, आम्ही सूप पीत बसायचो. मग भांडी घासून खिडक्या उघडून ठेवायचो. वासासाठी.

त्याच दिवशी. सायंकाळी सहा

दिवसभर बोललो नव्हतो. गोळीची घंटाही वाजवली नाही. तिने आपण होऊन वेळेवर घेतली.

पाचला विचारलं. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसलो आणि विचारलं की असं का केलंस. मला हसायला दोघींना मजा आली असेल.

तुळसा म्हणाली, हसायला नाही. मग बराच वेळ पांघरुणाचा धागा ओढत राहिली.

"पहिल्या दिवशीच पाया मिळाला असता तर तुम्ही पंधरा मिनिटांत परत आला असतात."

मला समजलं नाही. तसं म्हटलं.

"एकतीस वर्षं तुम्ही आठला जायचात, सहाला यायचात. मधलं घर माझं होतं. ऑक्टोबरपासून मला दिवसात एक तास एकटीचा मिळालेला नाही. मी भाजी चिरते, तुम्ही मागे उभे. मी दुपारी जरा आडवी होते, तुम्ही पंख्याचं बटण फिरवता. पाय मोडला तेव्हा, खोटं कशाला सांगू, वाटलं आता निदान पडून राहता येईल. तर तुम्ही घंटा आणलीत."

मी म्हटलं, मग तोंडाने सांगायचं होतंस, मला एकटं सोडा म्हणून.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याचंही वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं असतंत."

वेळापत्रकात गैर काय असतं ते मला कळलेलं नाही.

वरची ओळ खोडायची आहे.

मी तिला कोकमाचं सांगितलं. आवाज ऐकूनही आधी चिठ्ठी पूर्ण केली ते. म्हणाली, माहीत आहे. हाक मारल्यावर तुम्ही हातात पेन घेऊन आला होतात.

मग तिने विचारलं, सूप घेणार का, आसियाने जास्तीचं ठेवलंय. घेतलं. फार चांगलं होतं. माझं सूप तिने महिनाभर दोन दोन चमचे कसं घेतलं असेल कोण जाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी चार

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, कातडी सुटलीय. तुळसाने जमिनीवर टेकला तेव्हा डॉक्टर म्हणाले, घाई नको. ती माझा दंड धरून दारापर्यंत चालली. मी पावलं मोजली, पण मोठ्याने नाही.

स्वयंपाकघर तिला हवं तसं लावायला सांगितलंय. तिने बोट दाखवायचं, मी ठेवायचं. सूचना करायच्या नाहीत. तीन केल्या. आधीपेक्षा बऱ्याच कमी.

घंटा आसियाच्या सासूला दिली. तिला ऐकू कमी येतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मटणाला गेलो नाही. तोंड दाखवायचं कसं, हा एक भाग. दुसरा म्हणजे गरज राहिली नाही.

घरात पण थांबता येईना. सव्वा आठला बाहेर पडलो, नाक्यापर्यंत गेलो, दुकान पलीकडच्या फुटपाथवरून ओलांडलं, वाचनालयात सव्वा तास एकाच पेपरसमोर बसलो. परत आलो तेव्हा तुळसाने विचारलं, कुठे होतात. मी म्हटलं, तुला तुझा वेळ दिला.

ती काही बोलली नाही. पण खूश झाली असावी. आता हे रोज. आठ ते साडेनऊ, आणि चार ते साडेपाच. कागदावर उतरवणार नाही, डोक्यात ठेवणार.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊ वाजून दहा

महाशिवरात्र. दुकान बंद नाही, पण आपल्याकडे आज उपास. रविवार असून कुठे जायचं नाही. वाचनालयही बंद.

तरी आठला चपला घातल्या. स्वयंपाकघरातून तुळसाने विचारलं, कुठे निघालात. ती ओट्याशी उभी होती, दीड महिन्यानंतर पहिल्यांदा, एक हात ओट्यावर टेकून. मी म्हटलं, कुठेतरी. तुझा वेळ.

म्हणाली, आज नका जाऊ. बसा.

मी विचारलं, कुठे बसू.

"कुठेही. फक्त काही करू नका."

स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेतली. डायरी हातात घेतली, हे 'काही करणं' होत नाही असं धरलंय. तिने मान वळवून बघितलं आणि परत कामाला लागली. आक्षेप नाही.

नऊ चौदा. रताळी उकडत लावलीत. ती शेंगदाणे कुटतेय, मध्येच थांबून पायावरचा भार बदलते. मला वाटतं खुर्ची तिला द्यावी. विचारलं नाही. ती मागेल.

नऊ सोळा. रताळ्यांवरचं झाकण तिरकं बसलंय. सगळी वाफ बाजूने जातेय.

नऊ एकोणीस. अजून तिरकंच आहे. मी उठलेलो नाही.